गीतपुस्तकाएवढं अंतर

शनिवारी दुपारी पिकाडा इंगात कुणाकडे जाऊ नये. गेलात तर फाटकातूनच परत याल, कारण त्या वेळी सगळं गाव खराटा घेऊन वाकलेलं असतं. रविवार झाडलेल्या अंगणात उजाडला पाहिजे, ही इथली जुनी रीत. लाल माती अशी झाडायची की खराट्याच्या रेघा सरळ उमटल्या पाहिजेत. मग शेजारणी कुंपणावरून एकमेकींच्या रेघा बघतात आणि नाकं मुरडतात.

हेर्ता रॉयर आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या रेघा अजून गावात सगळ्यांत सरळ. आपलं अंगण झालं की ती खराटा खांद्यावर टाकून चौकात जाते आणि पुतळ्याभोवतीची जमीनही झाडून काढते. नगरपालिकेचा एक झाडूवाला आहे, त्याला सुरुवातीला याचा फार राग यायचा.

"आजी, कालच झाडलंय की मी! दिसत नाही का?"

"दिसतंय रे बाबा, छान झाडलंयस. पण काल शुक्रवार होता."

पुतळा म्हणजे सिमेंटचं एक जोडपं आहे. नवऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, बायकोच्या कमरेवर गाठोडं, दोघं अनवाणी, दोघांची नजर सरळ रस्त्यावर. जर्मनीतून समुद्र ओलांडून येऊन ज्यांनी इथलं जंगल तोडलं आणि गाव वसवलं, त्यांच्या आठवणीसाठी हा उभा केला, असं खालच्या पाटीवर लिहिलंय. पोर्तु अलेग्री शहरातून येणारी माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात. एकदा एका बाईनं हेर्ताला हात करून जरा बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत खराटा येत होता म्हणून. हेर्ता निमूट बाजूला झाली. पुतळ्यातल्या बाईचं ते बाकदार नाक आणि समोरच्या म्हातारीचं नाक एकच आहे, हे त्या बाईच्या ध्यानातही आलं नाही आणि हेर्तानं सांगितलंही नाही.

पाहुणे हमखास एक गोष्ट विचारतात. त्या दोघांच्या हातांच्या मधोमध मातीचा एक भला मोठा गोळा आहे, तो काय आहे? घाण आहे का? कुणी काढत का नाही? गावातली माणसं खांदे उडवून म्हणतात, "असू दे की." कारण ते सांगायला बसलं तर माते या कडवट पानांच्या चहाचा तुंबा चार वेळा भरावा लागतो.

आमचं गाव म्हणजे एक रस्ता आणि दोन चर्चं. वरच्या टोकाला कॅथलिक, खालच्या टोकाला लुथरन. दोघांचे पूर्वज एकाच बोटीतून आले, एकाच रानात डासांनी फोडून काढले आणि दोघंही एकाच बोलीत शिव्या देतात. तरी केर्बची जत्रा दोन, गायनमंडळं दोन, दफनभूमी दोन आणि न्हावीसुद्धा दोन. कॅथलिक न्हाव्याकडे डोकं करून आलेला लुथरन लांबूनच ओळखू येतो, असं त्या काळी लोक म्हणायचे. ते खरं नसेल, पण दोन्ही न्हाव्यांची पोटं भरली हे खरं.

गावाला शंभर वर्षं होत आली तेव्हा हेर्ता विशीत होती. जर्मनीशी झालेलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. युद्धाच्या दिवसांत दुकानात आपल्या जर्मन बोलीत मीठ मागितलं तरी पोलीस उचलून नेत, त्यामुळे लोकांच्या मनात एक सल होता. आता उजळ माथ्यानं उभं राहायचं आणि आपल्या माणसांचा पुतळा चौकात बसवायचा असं ठरलं. समिती नेमली गेली, अर्थातच निम्मी कॅथलिक आणि निम्मी लुथरन. कॅथलिकांचा म्होरक्या दुकानदार व्हेंडेलिन कून. लुथरनांचा म्होरक्या आर्नो क्लेरिंग, म्हणजे हेर्ताचा बाप.

आर्नो खोगिरं शिवायचा आणि लुथरन गायनमंडळ चालवायचा. पोटासाठी पहिलं, जीव दुसऱ्यात. बायको तरुणपणीच गेली. पोरगी त्यानं एकट्यानं वाढवली. हेर्ता सात-आठ वर्षांची असल्यापासून मंडळात दुसऱ्या सुरात गायची. पहिला सूर वर चढला की त्याच्या खाली जाऊन त्याला धरून ठेवायचं, हे तिचं काम. आणि दर तालमीत बापाचं एकच वाक्य असायचं.

"हेर्ता, उशिरा लागतेस!"

"आधी त्यांचं ऐकू तरी दे ना, पापा."

"ऐकत बसलीस तर गाणं संपेल."

असं म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आर्नोची ती खोडच होती. एक सूर चुकला तरी गाणं मुळापासून.

समितीनं पुतळ्याची सगळी कामं कुका नावाच्या गोड पावासारखी बरोब्बर मधोमध कापली. जागा दोन्ही चर्चच्या मध्ये, दोरी धरून मोजलेली. वाळू एकांकडची, सिमेंट दुसऱ्यांकडचं. पाया घालताना कॅथलिकांचे फादर आणि लुथरनांचे पास्टर या दोघांनी एकच थापी धरली होती आणि ती धरताना दोघांचीही तोंडं पाहण्यासारखी झाली होती. मूर्तिकार वरच्या डोंगरातला इटालियन आणला. अत्तिलियो झुक्को त्याचं नाव, थडग्यांवरच्या देवदूतांसाठी प्रसिद्ध. जन्मानं कॅथलिक म्हणून कॅथलिकांना चालला, चर्चमध्ये कधीच जात नाही म्हणून लुथरनांना चालला.

त्यानं विचारलं, "मला दोन जिवंत माणसं पाहिजेत, एक बाप्या आणि एक बाई. कुणाला बघून घडवू?"

झालं, भांडण पेटलं. शेवटी व्हेंडेलिननं मक्याच्या सालीच्या दोन पट्ट्या मुठीत धरल्या. लांब निघेल त्याचा पुरुष, आखूड निघेल त्याची बाई. लांब कॅथलिकांची निघाली. आर्नोला वाईट वाटलं नाही. "घर बाईच चालवते," असं म्हणून तो मिशीत हसला. व्हेंडेलिननं बहिणीच्या मुलाला उभं केलं, आरागिरणीत ओंडके फिरवणाऱ्या अलॉइस रॉयरला. गाव त्याला लॉइस म्हणायचं, आणि खांदे म्हणाल तर दारात अडकतील असे. आर्नोनं आपली पोरगी दिली. समितीची माणसं एकमेकांशी हात मिळवून खुशीत घरी गेली. अख्ख्या गावात कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करून बसलोय.

नेमबाजी मंडळाच्या मागच्या छपरात अत्तिलियोनं माती कालवली. हेर्ताबरोबर राखण म्हणून तिची फ्रीदाआत्या बसायची, लोकरीचे मोजे विणत. मोज्याचे दोन टाके घालेपर्यंत ती घोरायला लागायची.

"हलायचं नाही," अत्तिलियो ओरडायचा. "बघायचं समोर. तुम्ही जंगल बघताय. जंगल भयंकर आहे. ए पोरी, भयंकर म्हटलं मी, कुका भाजून झाल्यासारखी काय बघतेस?"

लॉइस तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा नाही पण जवळच. तिला तो दिसत नव्हता. नुसता देवदाराच्या भुशाचा वास यायचा आणि एक सावकाश श्वास ऐकू यायचा.  पहिल्या दिवशी ओठ न हलवता, समोरच बघत तो हळूच म्हणाला, "तुझ्या आत्याच्या तोंडात आता माशी जाणार."

हेर्ता फिसकन हसली. अत्तिलियोनं हातातली माती आपटली आणि इटालियनमध्ये असं काही बोलला की आत्या जागी झाली.

तिथून पुढं दोघं ओठ न हलवता बोलायला शिकली. त्यानं सांगितलं, की त्याला सुरात गाता येत नाही आणि त्याची आई चर्चमध्ये त्याला कोपरानं ढोसून गप्प करते. तिनं सांगितलं, की तिला आईचा चेहरा आठवत नाही, फक्त हातावरचं पीठ आठवतं. तो कधी मोठाल्या गप्पा मारत नसे. तिनं काही सांगितलं की थोडं थांबून "हं" म्हणायचा, आणि त्या "हं"मध्ये तिला आपलं सगळं ऐकून घेतल्यासारखं वाटायचं. आठवडे गेले तरी तिनं त्याला धड पाहिलेलं नव्हतं. मग एका संध्याकाळी अत्तिलियो "आज पुरे" म्हणाला आणि हेर्ता मान वळवून लॉइसकडे पहिल्यांदा नीट बघत राहिली. लॉइस कानापर्यंत लाल झाला. जे व्हायचं ते तेव्हाच झालं.

मातीतलं काम पुरं झालं, तेव्हा समिती बघायला आली. चेहरे हुबेहूब. बाईचा एक हात मागे, बाप्याचा एक हात पुढे, आणि अत्तिलियोनं ते एकमेकांत घट्ट दिलेले. व्हेंडेलिननं टोपी काढली. आर्नोचे डोळे भरले.

"पोरी, तुझी आई दिसतेय गं," तो म्हणाला.

"सुंदर जोडपं," अत्तिलियो हात पुसत म्हणाला. "आता मला एवढंच सांगा, यांचं लग्न लावलं कुणी? वरच्या चर्चनं की खालच्या?"

 व्हेंडेलिननं पुतळ्यातल्या भाच्याकडे पाहिलं, मग आर्नोच्या पोरीकडे. आर्नोनंही तसंच पाहिलं, उलट्या क्रमानं. आणि दोघांच्याही ध्यानात एकाच वेळी आलं, की हिशेब अगदी सारखा ठेवण्याच्या नादात आपण एका कॅथलिक पोराला आणि एका लुथरन पोरीला भर चौकात, कायमचं, नवरा-बायको करून ठेवणार आहोत. तशी लग्नं त्या काळी होत नव्हती असं नाही. पण झाली की माणसं गाव सोडून जायची.

"चेहरे बदल," व्हेंडेलिन म्हणाला.

"चेहऱ्यांना हात लावलात तर मी चाललो डोंगरावर. मग बसवा चौकात ओंडका."

मग समिती तिथंच उकिडवी बसली. चेहरे राहू देत, पण हात सोडवायचे असं ठरलं. शेजारी-शेजारी उभी आहेत, बस्स. भाऊ-बहीण असतील. शेजारी असतील. पण हातांमध्ये अंतर किती? आर्नो म्हणाला, गीतपुस्तकाएवढं. यावर व्हेंडेलिननं विचारलं, कुणाच्या? दोन्ही पुस्तकं मागवली. लुथरनांचं जाड निघालं. जाड ते घ्या, असं कॅथलिकच म्हणाले. लुथरनांचं काहीतरी आपल्यापेक्षा मोठं आहे हे त्यांनी कबूल केल्याचा गावाच्या इतिहासातला तो एकमेव प्रसंग. अत्तिलियोनं मान हलवत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत ते पुस्तक मातीच्या दोन हातांमध्ये धरलं आणि बोटं मागं सारली. हेर्ता हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिच्या शेजारी, नेहमीच्याच अंतरावर, लॉइस होता.

ओठ न हलवता तो म्हणाला, "मी तुझ्या बापाला विचारणार आहे."

"तो नाही म्हणेल."

"हं," लॉइस म्हणाला.

जुलैमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, पुतळा उघडला. बँड वाजला, भाषणं झाली, थंडीनं नाकं लाल झाली. पुढच्याच रविवारी लॉइस धुतलेला सदरा घालून आर्नोच्या दारात गेला आणि त्यानं विचारलं. आर्नो खोगिराचा पट्टा शिवत होता. त्यानं सुई थांबवली नाही.

"तुमचे फादर माझ्या पोरीकडून वचन घेणार. पोरं कॅथलिक करणार. माझी नातवंडं मला बघून छातीवर क्रूस काढणार. नको, रॉयर. तू चांगला मुलगा आहेस, पण नको."

लॉइस गेल्यावर हेर्ता बापासमोर उभी राहिली. "पापा, मी त्याच्याशीच लग्न करणार."

"कर की. तू सज्ञान आहेस." आर्नोनं दोरा दातानं तोडला. "पण मग शनिवारी तालमीला येऊ नकोस. दुसऱ्या सुरात दुसरी कुणीतरी बघेन मी."

त्यानं हात उगारला असता, घराबाहेर काढलं असतं, तर हेर्ता त्याच पावली निघून गेली असती. पण या एका वाक्यानं ती जागच्या जागी बसली. घर तिला दुसरं मिळालं असतं. त्या रांगेतली जागा, डोळ्यांसमोर बापाचे ते वर उचललेले हात, ते दुसरीकडे कुठं मिळणार होतं? आणि तिच्याशिवाय बापाकडे तरी काय उरत होतं? मोठ्या जिद्दीची पोरगी, पण बापावरची माया काही कुठं ठेवता येईना.

ती लॉइसकडे गेली नाही आणि तालमीलाही गेली नाही. घरी कुका भाजायची आणि शनिवारी अंगण झाडायची. घरात बाप-लेक मिठापुरतं बोलत. आर्नोनं दुसऱ्या सुरासाठी कुणी बघितलं का, हे तिनं विचारलं नाही. एकदा आरागिरणीच्या वाटेवर लॉइस भेटला. ती त्याला म्हणाली, "माझी वाट बघू नकोस. तुझी आई मुली बघतेय, ऐकलंय मी."

"बघू दे. मी तर चौकात उभा आहे," लॉइस म्हणाला. "मला कुठं जायचंय?"

हेर्ता घरी जाऊन कणकेत तोंड खुपसून रडली.

असं वर्ष गेलं. मग वसंतातला पहिला मोठा पाऊस झाला, रस्त्यांचा चिखल झाला आणि मातीचा योहान कामाला लागला. हा पक्षी सगळ्यांच्या ओळखीचा. तांबूस, चिमणीपेक्षा मोठा. नर-मादी दोघं मिळून चिखल वाहतात आणि भट्टीसारखं गोल घर बांधतात. तो रविवारी काम करत नाही, अशी गावाची पक्की समजूत. त्याचं घर पाडलं तर पाडणाऱ्याच्या छपरावर वीज पडते, ही त्याहून पक्की. फादर आणि पास्टर एकमेकांचं कधी काही उचलत नसत, पण या पाखराचा दाखला दोघांनीही आपापल्या चर्चमध्ये दिला होता.

त्या वर्षी योहाननं झाड सोडलं, खांब सोडले, आणि पुतळ्यातल्या दोन हातांच्या मधली ती गीतपुस्तकाएवढी फट निवडली.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस दुकानातून बाहेर आलेला व्हेंडेलिन मिठाची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. चिखल या हातापासून त्या हातापर्यंत पोचला होता. आठवडाभरात घर गोल झालं, दार झालं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की त्या दोघांनी मिळून एक पाव हातात धरलाय. गावाला तेवढंच पुरे होतं.

"सिमेंटच्या पोरांनी धरले हात. खरी अजून लाजतायत."

"लग्न पाखरानं लावलं म्हणायचं. कुठल्या चर्चचं आहे रे हे पाखरू?"

"रविवारी काम करत नाही. म्हणजे दोन्ही चर्चचं."

समिती पुन्हा बसली. केर्बला बाहेरगावचे पाहुणे येणार होते. व्हेंडेलिन म्हणाला, घर काढलं पाहिजे. सगळे म्हणाले, काढलं पाहिजे. कोण काढणार, असं विचारल्यावर सगळे आपापल्या छपरांचा विचार करू लागले. पुन्हा मक्याच्या सालीच्या पट्ट्या निघाल्या. आखूड आर्नोला आली.

त्यानं मुद्दाम शनिवारची दुपार निवडली. सगळी गुंतलेली असतील, कुणी बघायला येणार नाही, असा त्याचा हिशेब. घरातून बाहेर पडताना त्यानं शिडी उचलली, हातोडी घेतली आणि अंगण झाडणाऱ्या हेर्ताकडे न बघता म्हणाला, "चल. शिडी धरायला कुणी नाही."

हेर्ता खराटा टाकून त्याच्यामागून चालू लागली.  पुतळ्यापाशी त्यानं शिडी लावली. जिथं टेकली, तो हेर्ताचा स्वतःचा सिमेंटचा खांदा होता. चौकाच्या चारही बाजूंनी, जिथं जिथं फाटक होतं तिथं तिथं, बायका खराटे टेकवून उभ्या राहिल्या. आर्नोचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकला.

"घट्ट धर," तो म्हणाला.

"धरलीय, पापा."

आणि तिनं खरंच घट्ट धरली होती. ती शिडी जराशी हलवली असती तर बाप खाली आला असता, सगळं आजच्यापुरतं टळलं असतं. हे तिच्या मनात येऊन गेलं, ते ती पुढं स्वतःच सांगायची. पण वर बाप होता आणि बाप आता म्हातारा होत चालला होता. तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली, पाय रोवले आणि कपाळ पायरीला टेकवलं. वरून काही पडलं तर ते तिच्या डोक्यावर पडणार होतं.

आर्नो वर पोचला. हातोडी उचलली. तेवढ्यात घराच्या दारातून नर बाहेर आला, पुतळ्यातल्या लॉइसच्या मनगटावर बसला आणि पळून जायच्या ऐवजी गायला लागला. मातीच्या योहानचं गाणं काही गोड नसतं, पत्र्यावर वाटाणे पडावेत तसं ते धडधडत येतं. तो सुरू झाला, आणि मग थोड्या वेळानं, आतून, मादीही सुरू झाली. खालच्या पट्टीत. ती आली आणि नराचा सूर एकदम भरून निघाला, दोघं तशीच थरथरत एकमेकांना धरून गात राहिली, समोर हातोडी घेतलेला माणूस असताना. संपलं. आर्नो तसाच उभा. पुन्हा सुरू झालं. पुन्हा पहिल्यापासून. नर आधी, मादी मागून.

हेर्ताला खालून फक्त बापाचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते. मग तिच्या ध्यानात आलं, की उजव्या बुटाचं टोक शिडीच्या पायरीवर हळूहळू ताल धरतंय.

आर्नो बराच वेळ वर होता. खाली उतरला तेव्हा हातोडी खिशात होती आणि तो कुणाकडे बघत नव्हता.

"दुसरी उशिरा लागते," तो म्हणाला. "रोज ऐकत असेल तो, तरी दर वेळी उशिराच." त्यानं रुमालानं नाक शिंकरलं. "पण लागते. तिच्याशिवाय त्याचं गाणं नुसता खडखडाट आहे."

हेर्ता शिडीला धरूनच होती.

"सोड आता. आणि उद्या त्या रॉयरला जेवायला बोलाव. कोंबडी कापू."

चौकाच्या चारही बाजूंना खराटे पुन्हा चालू झाले, जरा जास्तच जोरात.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. जेवायला लॉइस आला, तेव्हा आर्नोनं सूप वाढण्यापलीकडे काही केलं नाही. व्हेंडेलिन मामा दुकानात तोंड फिरवून बसला. फादर म्हणाले, लग्न लावीन, पण दोघांपैकी एक लुथरन असताना मुख्य वेदीपुढं नाही. मागच्या खोलीत, जिथं पूजेचे झगे टांगलेले असतात. घंटा नाही, ऑर्गन नाही, फुलं नाहीत, आणि पोरांचं वचन द्यावं लागेल. हेर्तानं वचन दिलं. घरी येऊन बापाला सांगितलं. 

"मी आत येणार नाही, हेर्ता. माझ्यानं ते व्हायचं नाही. मला दुष्ट म्हण हवं तर."

"नाही म्हणत, पापा," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं होतं. तिनं ते लपवलंही नाही.

लग्नाच्या सकाळी ती फ्रीदाआत्याचा हात धरून गेली. झग्यांच्या खोलीत कापराचा वास होता. फादरांनी सगळं भराभर उरकलं. लॉइसचा "हो" ऐकू येईल न येईल असा, आणि हेर्ताचा त्याहून बारीक, पण दोघांनीही या वेळी ओठ हलवले होते. मग ती मागच्या दारानं बाहेर पडली. अशा लग्नाची जोडपी मागच्याच दारानं बाहेर पडत. घंटा वाजली नाही. कोंबड्या फिरत होत्या. लग्न झाल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

रस्त्यानं चौकाकडे येताना लॉइस थांबला. "हेर्ता," तो म्हणाला, "बघ."

पुतळ्यासमोर लुथरन गायनमंडळ उभं होतं. काळे कोट, इस्त्रीचे झगे, हातांत ती जाड गीतपुस्तकं. वरच्या चर्चच्या हद्दीत नाही, खालच्याही नाही. दोरीनं मोजलेल्या त्या मधल्या जागेत. त्यांच्यासमोर पाठमोरा आर्नो, दोन्ही हात वर उचललेले. आणि दुसऱ्या रांगेत, दोन बायकांच्या मध्ये, एका माणसाची जागा मोकळी.

आर्नो हात उचलून नुसताच उभा होता. मंडळ त्याच्याकडे बघत होतं. तो सुरू करत नव्हता.

हेर्ता जवळ आली. "पापा?"

"कुणी मिळालं नाही," तो मान न वळवता म्हणाला.  "वर्षभर बघितलं. मिळालंच नाही कुणी."

पाहिलंच नव्हतं त्यानं कुणाला. हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

हेर्तानं डोक्यावरचं झिरझिरीत कापड मागं टाकलं, झगा उचलला आणि त्या दोन बायकांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्यांनी सरकून जागा केली. लॉइस एकटाच बाजूला राहिला, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"तू काय बघतोस, रॉयर?" आर्नो गुरगुरला. "उभा राहा मागं, खालच्या सुरात. तोंड उघडू नकोस, नुसता उभा राहा."

हात खाली आले. पहिला सूर उठला, चौकावरून वर चढला. हेर्ता ऐकत राहिली, नेहमीसारखी, क्षणभर जास्तच. मग ती खालून लागली. आर्नोनं हात थांबवले. सगळं मंडळ थांबलं. त्याचा चेहरा पार भिजला होता.

"उशिरा लागलीस, हेर्ता."

"लागले पण, पापा."

आर्नोनं मान हलवली, बाहीनं डोळे पुसले, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.